देदोचे डोळे

पार्सिपनीत मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहिले, ते काका खोली बघायला आलेल्या माणसाला बाथरूम कुठे आहे हे सगळ्यात शेवटी सांगायचे. आधी भिंती. मला तर त्यांनी नावही विचारलं नव्हतं. जिना उतरले, दिवा लावला आणि म्हणाले, "घाबरू नको. हे सगळे सज्जन लोक आहेत."

चारही भिंतींवर संत होते. आपले नव्हेत. सर्बिया, मॅसिडोनिया, सायप्रस अशा कुठल्या कुठल्या डोंगरांतल्या, सात-आठशे वर्षं जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या भित्तिचित्रांचे फोटो. दाढीवाले, ताठ उभे, एक हात छातीशी, डोक्यामागे पिवळं वलय. आणि त्यांतला एकही धड नाही. कोणाला नाक नाही, कोणाचा गळ्याच्या वरचा भाग गिलाव्यासकट गळून पडलेला, कोणाच्या अंगावर देवी येऊन गेल्यासारखे खड्डे. बहुतेकांना डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसता खरवडलेला पांढरा चुना. मी नागपूरची, नुकतीच व्हिसावर अमेरिकेत आलेली, आणि ऑफिस तिथून जवळ होतं. मी म्हटलं, छान आहे खोली.

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर आईचं लक्ष माझ्याकडे कमी आणि माझ्या डोक्यामागे जास्त.

"हे कोण आहेत बाप्पा? डोळे कुठे गेले त्यांचे?"

"संत आहेत आई."

"खंडित मूर्ती घरात ठेवत नसतात. तू पहिले खोली बदल."

दुसऱ्या दिवशी मी हे काकांना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते खुर्चीत सावरून बसले. "तुझी आई बरोबर बोलतेय. आपल्याकडे टवका उडाला की मूर्ती पाण्यात, विषय संपला. आणि हे लोक बघ. नाक गेलं, डोळे गेले, तरी माणूस बदलत नाहीत. त्याच्याचपुढे मेणबत्ती लावतात." मग त्यांनी आईचा नंबर मागितला. मी दिला नाही. दिला असता तर माझी आई आजपर्यंत फोनवर असती.

काका मूळचे सांगलीचे. इथे सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली. हायवेवरच्या पुलाखाली लोंबकळायचं, काँक्रीटला पडलेली भेग बघायची, ती वरच्या वजनाने पडली की आतली सळई गंजून पडली ते ओळखायचं. अशा माणसाने रिटायर झाल्यावर गोल्फ खेळावं, नातवंडांना सांभाळावं. यांनी बाल्कनमधल्या चर्चच्या भिंती धरल्या. दर वर्षी उन्हाळ्यात तिकडे. मुलगा कॅलिफोर्नियात, तो इंग्रजीतून कपाळाला हात लावायचा. काकू सोबत जायच्या. बाहेर बाकावर बसून चिवडा खायच्या आणि आत काय सापडलं ते विचारायच्या नाहीत. "लोक बायकोला पॅरिस दाखवतात," त्या मला म्हणाल्या, "मला यांनी आंधळे संत दाखवले. आता पॅरिसला गेले तरी मी आधी भिंतीला ओल आहे का ते बघेन."

काकांच्या खिशात कायम एक बारकी बॅटरी. ती समोरून मारायची नाही, भिंतीला टेकवून बाजूने मारायची. बाजूने उजेड पडला की प्रत्येक चरा, प्रत्येक फुगवटा उठून दिसतो. हे चर्चमध्ये ठीक आहे. पण हा माणूस लोकांच्या घरी सत्यनारायणाला गेला तरी प्रसाद हातात घेऊन हॉलच्या भिंतीवर बॅटरी मारायचा. एका घरी यजमानीणबाईंना म्हणाले, "इथे टीव्हीच्या मागे कोणीतरी ठोसा मारलाय आणि मग बुजवलाय." त्या घरात ते कोणाला ठाऊक होतं आणि कोणाला नव्हतं हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पुढच्या सत्यनारायणाला काकूंना एकटीला बोलावणं आलं.

घरात काही दुरुस्त करायचं नाही हा दुसरा नियम. चहाच्या मगाचा कान तुटला तर मग फडक्याने धरायचा. "दुरुस्ती म्हणजे पुरावा नष्ट करणं," असं ते म्हणायचे. मी एकदा वाकडा टांगलेला एक संत सरळ केला, तर रविवारी सकाळी मी डोक्याला तेल लावून बसलेली असताना खाली येऊन त्यांनी तो परत वाकडा केला. मूळ भिंतच तेवढी कलली आहे म्हणे.

पण त्यांचं एक वाक्य मात्र मी अजून वापरते. आधी ओरखडा बघ, मग शत्रू शोध. याचा फायदा मला स्वतःला झालेला आहे. मी तेव्हा ड्रायव्हिंग शिकत होते, म्हणजे पार्सिपनीतली झुडपं माझ्या नावाने रडत होती. एक दिवस गॅरेजचं दार वाकलेलं दिसलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. शेजारच्या मिसेस कोण त्या, त्यांनीही कुंपणावरून माझ्याकडे बघितलं. मीही गुन्हा कबूल करण्याच्या बेतात होते, कारण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. काका आले, गुडघ्यावर बसले, दाराला बॅटरी टेकवली आणि पोच्यावरून बोट फिरवलं.

"पोचा बाहेरच्या बाजूला फुगलाय," ते म्हणाले. "म्हणजे मार आतून बसलाय. हिची गाडी रस्त्यावर असते. आत कोणाची असते?"

आत काकूंची असायची. दार पूर्ण वर जायच्या आत त्यांनी रिव्हर्स टाकला होता. काकू म्हणाल्या, "जेवायला बसा, गार होतंय." निर्दोष सुटल्याचा आनंद मला दाखवता आला नाही, कारण वाढणाऱ्या त्याच होत्या.

इथल्या मराठी मंडळाने एकदा दिवाळीच्या कार्यक्रमात काकांना स्लाइडशोसाठी वेळ दिला. कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं कोण जाणे. नटूनथटून आलेल्या लोकांसमोर पडद्यावर एकामागून एक आंधळे संत. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "आर दे झोंबीज?" काकांनी त्याला अत्यंत गंभीरपणे सांगितलं की नाही, झोंबींना नजर असते. मग मागून एक गृहस्थ उठले आणि म्हणाले की यात शोधायचं काय, हे सगळं शत्रूचं काम.

"तुम्ही होतात का तिथे?" काका म्हणाले.

आणि सुरू झाले. काही ठिकाणी होतंच शत्रूचं काम, ते नाही म्हणत नव्हते. पण अंगभर खड्डे पडलेला संत बघा. आपल्याकडे पाट्याला टाकी लावतात ना, वाटण नीट व्हावं म्हणून? तशी गवंड्याने लावलीय. वर नवा गिलावा धरावा म्हणून. त्या नव्या गिलाव्यावर नवा संत काढायचा होता. मग पुढे कधीतरी नवा गळून पडला आणि जुना खड्ड्यांसकट बाहेर आला. हा काळा पडलेला बघा, हा भक्तांच्या मेणबत्त्यांनी काळा पडलाय. आणि हे डोळे. काही गावांतल्या म्हाताऱ्या सांगतात, कोणाचे डोळे आले, कोणाला दिसेनासं झालं, की बायका संताच्या डोळ्याचा चुना नखाने खरवडून पाण्यात घालून घ्यायच्या. औषध म्हणून. घराघरात इतकी श्रद्धा, की संताला डोळा उरला नाही.

मला वाटतं लोकांना ते आवडलं होतं, पण आवडल्याचं दाखवायचं कसं हे कळत नव्हतं. निवेदिका माइककडे धावली आणि म्हणाली, "तर आता आपण बटाटेवड्यांकडे वळू या."

आता देदोची गोष्ट. बेसमेंटमधल्या सगळ्या संतांत काकांचा जीव होता तो माझ्या पलंगासमोरच्या एकावर. मॅसिडोनियातल्या एका डोंगरातल्या गावातला. गाव जवळजवळ ओस पडलेलं, चर्चला कुलूप, किल्ली कुठल्या तरी मेंढपाळाकडे. संताच्या नावाची अक्षरं पुसली गेलेली, त्यामुळे हा कोण ते कोणालाच माहीत नाही. आणि दोन्ही डोळे खरवडलेले. ते कोणी खरवडले असावेत यावर काकांनी डोकं फोडून घेतलं होतं. नखाने नाही, लोखंडाने. पण मुद्दाम केलं तर तोंड, हात, सगळं का सोडलं? एकेक चरा त्यांना पाठ होता. आपल्याला पाढे पाठ असतात तसा.

त्या गावची कोणी माणसं अमेरिकेत आहेत का, हे विचारायला काका अर्ध्या तासावरच्या एका मॅसिडोनियन चर्चमध्ये गेले. काकूंनी सोबत चिवडा दिला होता, त्यामुळे दार लगेच उघडलं. तिथला पाद्री तरुण, इथेच जन्मलेला, फुटबॉलचा वेडा. तो म्हणाला, त्या गावची एक आजी आहे आमच्याकडे. नव्वदीच्या पुढची, व्हीलचेअरवर. लग्न होऊन इकडे आली ती परत गेलीच नाही.

काका आजींना भेटायला गेले. मी ड्रायव्हर. त्यांनी फोनवर फोटो दाखवला, पण आजींना आता फार कमी दिसायचं. स्क्रीन नाकाशी धरून त्यांनी बघितलं, मग अंगठ्याने चाचपलं. त्यांची नर्स असलेली नात इंग्रजीत सांगत होती. गावात त्याला देदो म्हणायचे, म्हणजे आजोबा. नाव कोणालाच माहीत नव्हतं, नावाचं अडलंही नाही. मग आजींनी नातीला काहीतरी सांगितलं आणि ती जरा थांबून म्हणाली, "ती म्हणतेय, मला त्याला एक सांगायचं राहिलंय. निघताना सांगणार होते. बैलगाडी लवकर आली."

गाडीत काका फोनवर तोच फोटो मोठा करून बघत राहिले. घराच्या वळणावर म्हणाले, "पोरी, तिला तिकडे नेता येणार नाही. देदोला इकडे आणू. जेवढा भिंतीवर आहे तेवढाच्या तेवढा."

एवढा मोठा फोटो कोण छापणार? आयसेलिनला ओक ट्री रोडवर एक बॅनरवाले भाई होते. लग्नं, बारशी, कोणाची पंच्याहत्तरी, सगळ्यांचे बॅनर तेच छापायचे. लग्नाचा सीझन होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी पेनड्राइव्ह दिला आणि आपल्या सांगलीच्या हिंदीत सांगितलं, "जैसा है वैसाच मंगता." भाई म्हणाले, "टेन्शन मत लो अंकल, एकदम फर्स्टक्लास बना दूँगा." चर्चच्या सणाच्या दिवशी सकाळी आम्ही गुंडाळी घेतली. उलगडून बघायला दुकानात जागा नव्हती आणि काकांना सुरकुत्या पडायची भीती. ती आडवी गाडीत घातली आणि तशीच चर्चला नेली.

चर्चच्या हॉलमध्ये लोक जमलेले, टेबलांवर चीज भरलेली खारी पेस्ट्री, तळलेल्या मिरच्या, कोबीचे रोल. दोन माणसांनी स्टेजच्या वरच्या दांड्याला बॅनर बांधला आणि खाली सोडला. काका खालचं टोक धरून उभे होते, म्हणून त्यांना काहीच दिसत नव्हतं. आधी पिवळं वलय उतरलं, मग कपाळ, मग डोळे.

डोळे होते. पाणीदार, काळेभोर, पापण्यांसकट. जवळच्या एडिसन गावातल्या कुठल्या तरी नवरदेवाचे असावेत, कारण डाव्या डोळ्यात फोटोग्राफरच्या पांढऱ्या छत्रीचं प्रतिबिंबसुद्धा होतं.

सगळा हॉल एकदम हळहळल्यासारखा आवाज करून उठला. पण ती हळहळ नव्हती, आनंद होता. बायका छातीवर क्रॉस करत होत्या. पाद्री म्हणाला, "धिस इज ब्यूटिफुल, सर. यू गेव्ह हिम हिज आइज बॅक." काका मागे सरकले आणि वर बघितलं. मी त्यांना पुलाखाली कधी बघितलेलं नाही, पण आपण पास केलेला पूल पडताना बघणाऱ्या माणसाचा चेहरा तसाच होत असणार. मी बाहेर जाऊन भाईंना फोन लावला. ते खूश. "देखा ना? अंकल को बोलना, आँखों का चार्ज नहीं लिया."

आत आले तर काका म्हणत होते, "काढा हे. आत्ताच्या आत्ता काढा." आणि काकूंनी त्यांची बाही घट्ट धरली होती. "अहो, लोक रडतायत बघून. म्हातारी यायच्या आत तमाशा नको. तिला कुठे एवढं दिसतंय? चार घटका आनंदात जाऊ दे तिच्या."

मी काकूंच्या बाजूची होते, सरळ सांगते. काका गप्प बसले. आमच्या ओळखीत ते माणसाचं ऐकून गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

नातीने व्हीलचेअर ढकलत आणली. आजींनी काळा ड्रेस घातला होता, डोक्याला कडक इस्त्रीचा रुमाल. सगळ्यांनी वाट करून दिली. नातीने खुर्ची अगदी पुढे नेली. आजींनी हात लांब करून आधी संताच्या झग्याची कड चाचपली, मग मान मागे टाकून वर बघितलं. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग एक छोटंसं वाक्य बोलल्या आणि नातीचा चेहरा उतरला.

"शी सेज... हा कोण आहे?"

सगळे एकदम समजवायला लागले. देदोच आहे आजी, बघा, त्याला डोळे आलेत. आजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्या बोलत होत्या आणि नात तुकड्या-तुकड्याने सांगत होती. आमचा देदो बघायचा नाही. माझ्या आजीच्या काळातही बघायचा नाही. म्हणून तर सगळं गाव त्याच्याकडे जायचं. दुसऱ्या संतांसमोर लाज वाटते, ते टक लावून बघत असतात. देदोला सगळं सांगता यायचं. हा तर बघतोय माझ्याकडे. याला मी काय सांगू?

आणि त्यांनी नातीला खुर्ची वळवायला लावली. घरी चल म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. बाजारात हवी ती भाजी मिळाली नाही की माणूस जसा पिशवी घडी करून परत निघतो तशा निघाल्या होत्या. पुढचा सण त्यांना दिसेल असं त्या हॉलमध्ये कोणीच धरून चालत नव्हतं.

काकांनी काकूंच्या हातातून बाही सोडवली. एक घडीची खुर्ची ओढली, बॅनरसमोर मांडली आणि चढले. खिशातून गाडीची किल्ली काढली. वयाच्या सत्तरीत, दुसऱ्यांच्या चर्चमध्ये, सणाच्या दिवशी, पाद्र्यासमोर, त्या संताच्या डाव्या डोळ्यात किल्ली रोवून त्यांनी कचकन खाली ओढली.

कोणीतरी किंचाळलं. पाद्री म्हणाला, "सर. सर, प्लीज."

"वन मिनिट, फादर," काका म्हणाले. ते वाट्टेल तसं खरवडत नव्हते. एक चरा आडवा ओढायचे, थांबायचे, डोळे मिटून आठवायचे, मग पुढचा. नाकाच्या बाजूला एक आखूड आणि खोल. भुवईखाली दोन तिरके, एकमेकांना छेदणारे. शाईची भुकटी त्यांच्या स्वेटरवर पडत होती. एक दांडगा माणूस त्यांना खाली उतरवायला पुढे आला, तर मी मध्ये जाऊन उभी राहिले. ऑफिसमध्ये माझ्या तोंडून मीटिंगमध्ये शब्द फुटत नसे, आणि इथे मी दोन्ही हात पसरून उभी. काकू येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी खुर्चीचा पाय धरला, म्हणजे काका पडू नयेत.

किल्लीचा आवाज ऐकून आजींनी खुर्ची थांबवली होती. त्या परत वळल्या. काकांनी उजव्या डोळ्याचा शेवटचा चरा ओढला, मान मागे घेऊन तपासला, आणखी जरासा लांबवला आणि खाली उतरले. नवरदेव गेला होता. वर पांढरं खरवडलेलं, आणि त्याखाली ती जुनी दाढी आणि छातीवरचा हात.

आजींनी बघितलं. या वेळी त्यांना वेळ लागला नाही. दोन शब्द बोलल्या.

"तो आला," नात म्हणाली.

मग आजी पुढे काहीतरी बोलल्या, जरा जरबेने, आणि सगळा मॅसिडोनियन हॉल मुकाट्याने दाराकडे निघाला. आम्हालाही नातीने खुणावलं. आजींनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं होतं. पाद्र्यालासुद्धा.

आम्ही पार्किंग लॉटमध्ये उभे राहिलो. लोकांनी बाहेर येताना प्लेटा आणल्या होत्या, त्यामुळे गाड्यांच्या बॉनेटवर ठेवून जेवणं सुरू झाली. त्या दांडग्या माणसाने काकूंना मिरची वाढली. पाद्री दोन-तीनदा दाराकडे गेला, आजी ठीक आहेत ना ते बघायला. हॉलच्या दाराला काच होती आणि आतून आजींचा बारीक, एकसुरी आवाज येत होता. काका दाराला पाठ लावून उभे होते, स्वेटरवर शाई, हातात किल्ली तशीच.

पाद्री परत आला, तेव्हा काकांनी हात आडवा घातला. "नो लुकिंग, फादर," ते म्हणाले. आणि आजी बोलत होत्या तोवर त्यांनी स्वतःही मान वळवली नाही.